प्रॉकमधला राजीनामा

माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला होते. त्यांच्या ऑफिसबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. कोणती गाडी भरते आहे, ड्रायव्हर कोण, माल कुठे जाणार, हे खडूने लिहायचं आणि गाडी गेटाबाहेर पडली की पुसून टाकायचं. पुढे मी कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो आणि लिनक्समधलं 'प्रॉक' नावाचं फोल्डर पहिल्यांदा उघडलं, तेव्हा मला ते कोणी समजावून द्यावं लागलं नाही. मशिनवर जो जो प्रोग्राम चालू असतो त्याला एक नंबर मिळतो आणि त्या नंबराचं एक फोल्डर प्रॉकमध्ये दिसतं. आत छोट्या छोट्या फायली असतात. प्रोग्राम कोणी सुरू केला, काय शब्द टाइप करून सुरू केला, आत्ता तो राबतोय की झोपलाय, सगळं त्यात असतं. गंमत म्हणजे या फायलींचा आकार शून्य दिसतो. डिस्कवर त्या नसतातच. आपण वाचायला गेलो की सिस्टीम त्या क्षणी मजकूर तयार करून पुढे ठेवते, आणि प्रोग्राम संपला की फोल्डरही गायब होतं.

शिरवण्याच्या बाजूला एमआयडीसीत आमची कंपनी आहे. तिथले सर्व्हर मी सांभाळतो. चाळीस-पन्नास माणसं एकाच मोठ्या सर्व्हरवर काम करतात, आणि सकाळचा चहा घेता घेता प्रॉकमध्ये एक चक्कर मारायची माझी सवय. हे माझं कामच आहे असं मी स्वतःला सांगत असे, आणि ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे नुसता भोचकपणा. कोण क्रिकेटचा स्कोअर लावून बसलंय, कोणाचा प्रोग्राम सकाळपासून जागच्या जागी गरगरतोय, मला सगळं ठाऊक असे. मी कोणाला काही सांगत नसे. त्यामुळे आपण फार सभ्य आहोत अशीही माझी समजूत होती.

अशाच एका सकाळी मला तिचा प्रोग्राम दिसला. ती माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायची. आम्ही एकाच वर्षी लागलो होतो आणि दुपारचा डबा एकत्र खायचो. ती मूळची शिरवण्याचीच. शेताच्या जागी भावांनी बिल्डिंग उभी करून खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यामुळे तुला नोकरीची काय गरज, असं घरचे तिला येताजाता ऐकवत. एकदा सुकटीची चटणी माझ्या डब्यात वाढता वाढता ती म्हणाली होती, "घरात सगला भावांचा हाय. ही नोकरी तेवरी माझी हाय."

मला दिसलेला प्रोग्राम साधा होता, मजकूर लिहायचा एडिटर. त्यात उघडलेल्या फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं: राजीनामा. घरी गेलं तरी चालू राहील अशा बेताने तिने तो सुरू केला होता. अवस्थेच्या रकान्यात 'स्लीपिंग' होतं, म्हणजे कोणीतरी कळ दाबण्याची वाट बघत पडून. आत काय लिहिलंय ते या फोल्डरात दिसत नाही. मेमरीत हात घालून काढता आलं असतं, ते मी केलं नाही.

गणपती नुकतेच गेले होते. त्या दिवसापासून ऑफिसात आलो की आधी तो नंबर बघायचा हा माझा नेम झाला. नंबर जागेवर असला म्हणजे राजीनामा अजून लिहून झाला नाही, म्हणजे ती जात नाही. मला ती जायला नको होती. माझ्या तिरकस बोलण्यावर मनापासून हसणारी त्या ऑफिसात ती एकटीच होती, आणि तिच्याशिवाय डबा उघडायचा या कल्पनेनेच मला कसंतरी व्हायचं. दसरा झाला, दिवाळी झाली, नंबर जागेवर. तीन महिन्यांत मी तिला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही.

त्याच सुमारास एक नवी टीम निघणार होती. त्या टीमचं लीडपद तिला किंवा दुसऱ्या एकाला मिळणार होतं आणि आमचे साहेब शुक्रवारी ते ठरवणार होते. तिला ते हवं होतं आणि तिने ते लपवलंही नव्हतं. "या वेळी सोडनार नाय," असं ती मला दोनदा बोलली होती. मग राजीनाम्याचं काय, हे कोडं मला पडायचं, आणि मी ते तसंच ठेवून द्यायचो.

त्या आठवड्यात सहा नवीन पोरं-पोरी लागली आणि त्यांना प्रॉक शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मीटिंग रूम, भिंतीवर प्रोजेक्टर, मागच्या खुर्चीवर मोबाइल चाळत बसलेले साहेब. सरावाचं मशिन वेगळं होतं, पण त्यावर काही चालूच नसतं. मी ऐट मिरवायला खऱ्या सर्व्हरवर गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आता कुठलाही एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, घेऊ," मी म्हणालो आणि बोटांनी नंबर टाइप केला. कुठलाही नव्हे, तोच. मला पाठ असलेला तो एकच नंबर होता. भिंतीवर फायलींची यादी आली आणि प्रत्येक ओळीत मालक म्हणून तिचं नाव. तरी माझ्या ध्यानात आलं नाही. तोंड बोलत होतं, बोटं पुढची कमांड मारत होती. मग भिंतीवर ते फाईलचं नाव उमटलं, वीतभर अक्षरांत.

पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "सर, म्हणजे त्यांनी राजीनामा दिला?"

"दिला नाय अजून," साहेब मागून म्हणाले. मोबाइल त्यांनी खाली ठेवला होता. "लिहितायत."

सगळे हसले. तेव्हा मी म्हणू शकलो असतो की फाईल उघडणं म्हणजे राजीनामा देणं नव्हे, असली नावं माणूस रागातही देतो. मी पुढची फाईल उघडली आणि 'स्लीपिंग' म्हणजे काय ते समजावलं. पाच-सात मिनिटांनी तीच कमांड परत मारली तर सिस्टीमने सांगितलं, असं फोल्डरच नाही. मीटिंग रूमच्या काचेतून कोणीतरी बघून तिच्या कानावर घातलं असणार आणि तिने जागेवरून एडिटर बंद केला होता. प्रोसेस संपला की फोल्डर जातं याचं जिवंत उदाहरण मिळालं म्हणून पोरांनी ते वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी लीडपद दुसऱ्याला गेलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, तिने ते सेव्हसुद्धा केलं नव्हतं. त्या नावाची फाईल डिस्कवर नव्हतीच," मी सांगितलं.

"अरे, डोक्यात तर होती ना?" साहेब म्हणाले. "जाणाऱ्या माणसाला टीम देऊन मी काय करू? तू कशाला टेन्शन घेतोस?"

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. डबा घेऊन वरच्या मजल्यावर जाऊ लागली. दहा दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी आली आणि एक छापलेला कागद पुढे धरला. "हा बघ. हा खरा."

दोन ओळींचं पत्र होतं. मी विचारलं, "आणि त्या फाईलमध्ये काय होतं?"

"शिव्या," ती म्हणाली. "डोका फिरला का दोन ओली लिवायची आनि परत कामाला बसायची. नाव राजीनामा ठेवला म्हनून लिवताना बरा वाटायचा. जायचा कोनाला होता? त्या फाईलीवर तर मी इथं टिकलेली."

मी चुकलो, असं म्हणालो. आणि मग, तिने न विचारताच, हेही सांगितलं की तो नंबर मला पाठ होता, मी तीन महिने रोज सकाळी बघत होतो.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. "दोन टेबला सोरून बसत व्हते मी," ती म्हणाली. "तीन म्हयन्यात एकदा इचारला का नाय?"

मग तिने माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि साहेबांच्या केबिनकडे निघाली. थांब, एवढं मला तेव्हाही म्हणता आलं असतं. ती दार ढकलून आत जाईपर्यंत मी बघत राहिलो.