यंत्रानं विचारलं, घर बदलायचं?

१९७९ साल. मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं फुटलेलं होतं. थोरल्या भावानं, आप्पानं, शेतातल्या विहिरीजवळच्या निंबाखाली कुऱ्हाडीचा तुंबा घातला होता. बोथट तुंबा होता म्हणून वाचलो, पातं लागलं असतं तर हे लिहायला कोण उरलं असतं? मीही हात बांधून उभा नव्हतो. त्याचे पुढचे दोन दात त्या दिवशी मातीत पडले, ते माझ्याच हातानं.

भांडण बांधाचं. बापानं जिवंतपणी तापीकाठच्या शेताचे दोन भाग केले, मधे निंबाखाली दगड पुरला आणि म्हणाला, आता भांडू नका. आप्पा दरसाल नांगरताना बांध कोरायचा, टीचभर माझ्याकडे सरकायचा. मी गप्प होतो असं नाही, शिव्या देत होतो. त्या साली त्यानं दगडच उपटला आणि विहिरीत टाकला. मग कोण ऐकतो?

मायनं पदर फाडून माझ्या डोक्याला बांधला. रडली नाही. म्हणाली, "आठे ऱ्हायना ते एक मरी, एक फाशी जाई. जाय. मांगे पाहू नको." मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी थांबून आप्पाला ऐकू जाईल असा ओरडलो, "मी येसू ना, ते तुन्हा जीव लेवालेच येसू!" सगळ्या गावानं ऐकलं. नंदुरबारहून सुरतच्या गाडीत बसलो. रक्त थांबेना, तेव्हा लोकांनी चिंचपाड्याला उतरवलं. दवाखान्यात टाके पडले. पट्टी बांधून पुढची गाडी धरली. मागे पाहिलं नाही.

माझ्यासारखे जे सुरतेत उधन्याला, लिंबायतला येऊन राहिले, त्यांना पुढचं सांगायला नको. लूम आणि रूम, एवढीच दुनिया. कापडाच्या लूमच्या खडखडाटात निम्मे कान गेले, रूममध्ये पाच जण आळीपाळीनं झोपायचो. पुढं लग्न झालं, विलास झाला, स्वतःच्या दोन खोल्या झाल्या, वर गच्ची झाली. तरी आम्ही तिला रूमच म्हणतो. पाव्हणा आला की विचारतो, "रूम सापडली ना?" आणि गावाकडे निघालेल्याला विचारतो, "घर जास का?" मालक झालो, नळ आला, लाईट आली, पण रूमचं घर झालं नाही. तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला हे हसू येईल. हसा. तुमच्याकडे एकच शब्द पुरतो, आम्हाला दोन लागतात.

माय गेली तेव्हा निरोप आला होता. मी गेलो नाही. जीव घ्यायला येईन असं बोलून बसलो होतो. मयताला जीव घ्यायला कसं जायचं?

विलास गाडी भाड्यानं चालवतो. त्याच्या गाडीत काचेला चिकटवलेलं तळहाताएवढं यंत्र आहे, त्यातली बाई हिंदीत रस्ता सांगते. मी आधी हसायचो. माणसाला विचार, चहा मिळेल, रस्ताही मिळेल. पण एकदा त्यानं दाखवलं, "आबा, गाडी उभी आहे ना, तीच जागा यात ठेवता येते. मग जगात कुठंही असा, ही बाई बरोबर तिथं आणून सोडते." मी विचारलं, "आणि कोणी तिथलं झाड तोडलं, दगड काढला तर?" तो म्हणाला, "दगडाचा काय संबंध? वरून उपग्रह पाहतो."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. दगड उपटता येतो. आभाळातली खूण कोण उपटणार? बापानं जिथं दगड पुरला, तिथं मला एकदा उभं राहायचं होतं. सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे, पण नांगर आप्पाचा. त्यानं बांध कुठवर ढकलला असेल देव जाणे. मी मेल्यावर विलासला तर ती जागा कळली पाहिजे. चौथी शिकलेला असलो तरी ते यंत्र कसं चालवायचं ते मी विलासकडून पाठ करून घेतलं. हिंदी का असेना, अक्षर आपलंच. 'सहेजें' म्हणजे जपून ठेवा.

गेल्या पौषात निघालो. विलासला सांगितलं, नुसतं पाहून येऊ. शेत ओळखू आलं नाही. चहूकडे ऊस, केळी, मधून ट्रॅक्टरच्या वाटा. निंब मात्र होता. विहीरही होती. बांध नव्हता. माझं सगळं शेत त्याच्या पोटात गेलं होतं. गाडी निंबाखाली लावायला सांगितली आणि विलास लघवीला उसाकडे गेला.

मी यंत्र उघडलं. त्यात घराचं चित्र आहे. शेतातली खूण घराच्या चित्रात ठेवायची नाही तर कुठं? बोट दाबून धरलं. यंत्रानं विचारलं, घर बदलना चाहते हैं? म्हटलं, चाळीस वर्षांच्या वर झाली बदलून, आता परत बदल. 'हाँ' दाबलं.

तेवढ्यात विहिरीकडून एक दांडगा गडी आला. हातात लोखंडी पहार. चेहरा आप्पाचा, दात शाबूत. म्हणजे माझा पुतण्या, संजू; नाव ऐकून होतो. मी गेलो तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता.

"कोन शे? काय करी ऱ्हायना आठे?"

"मी तुन्हा काका," मी गाडीतून उतरत म्हणालो. "खून कराले उनू."

आमच्या बोलीत 'ण' नाही. पाणी ते पानी, लोणी ते लोनी, आणि खूण ती खून. पण तो शाळेत गेलेला, आणि लहानपणापासून एकच ऐकत आलेला, की काका येईल तो जीव घ्यायला येईल. त्यानं पुढचं ऐकलंच नाही. पहिला घाव समोरच्या काचेवर, दुसरा माझ्या खांद्यावर. विलास धावत आला, त्यानं मला गाडीत ढकललं, तर तिसरा त्याच्या कपाळावरून घसरला. मीही दार लाथेनं उघडून संजूच्या गुडघ्यावर मारलं. तो पडला. पडल्या पडल्या ओरडला, "आप्पा! मारेकरी उनात! मी लोक लई येस!" आणि माणसं आणायला लंगडत गावाकडे पळाला.

विलासनं गाडी उसात घातली. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. मी उपरण्यानं दाबून धरलं. फुटलेल्या काचेतून ऊस तोंडावर येत होता. पुढं उसाची ट्रॉली रुतलेली, रस्ता बंद. मागे वळलो, एक वळण, दुसरं वळण, सगळा ऊस सारखाच. विलासनं रक्ताचं बोट यंत्रावर मारलं. घराच्या चित्रावर. तिथं त्यानं आमची रूम ठेवलेली होती, त्याला वाटलं, सुरत. माझं लक्ष त्याच्या कपाळाकडे.

बाई शांतपणे बोलत होती. दाहिने मुड़िए. फिर दाहिने मुड़िए. ऊस संपला आणि समोर निंब.

निंबाखाली आप्पा एकटा उभा होता. वाकलेला, तोंडाचं बोळकं, पण हातात कुऱ्हाड. या खेपेला पातं पुढं करून धरलेली.

"परत उना?" तो म्हणाला. "मरानं शे का तुले?"

मी खाली उतरलो. यंत्र चुकलं, आम्ही पळत होतो, असं सांगता आलं असतं. थोरल्या भावासमोर ते सांगण्यापेक्षा मेलेलं बरं.

"हां. परत उनू. मन्हं घर शे आठे."

त्यानं कुऱ्हाड उचलली. मी हललो नाही. ती गाडीच्या बोनेटमध्ये घुसली. उपसून पुन्हा घातली. तेव्हा आतून बाई बोलली, आप अपने घर पहुँच गए हैं.

आप्पा थांबला. "हाई कोन बोलनी?"

"यंत्र."

"काय सांगस ती?"

"सांगस, तू घर पहोचना."

तो धापा टाकत होता. कुऱ्हाड पत्र्यातच अडकलेली. काढायला जोर उरला नव्हता, आणि मी हात लावला नाही. त्यानं विलासच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"संज्या सांगे, तू खून कराले उना."

"खूनच कराले उनू. दगड व्हता ना, ती जागानी."

त्याला कळलं. आमच्या दोघांखेरीज त्या शेतात तो शब्द नीट ऐकणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. तो थुंकला आणि म्हणाला, "यंत्र कसाले लागस तुले? खून ते शे तुन्हा डोकामा."

गावाकडून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. आप्पानं पाटाच्या कडेची वाट दाखवली, जी त्या बाईला माहीतच नव्हती. "तठून जाय. लोक येतीन ते मन्हं बी ऐकाव नईत." मी गाडीत बसलो, तसा खिडकीशी येऊन म्हणाला, "जाय. मांगे पाहू नको."

मायचेच शब्द. पण या खेपेला मी ऐकलं नाही. पूर्ण मान वळवून पाहिलं. तो निंबाखाली बसला होता, जिथं दगड होता बरोबर तिथं, आणि लाठ्या घेऊन आलेल्यांना हातानं भलतीकडे दाखवत होता.

विलास मला सारखं विचारतो, अशा जागेला घर कसं म्हणता, जिथं गेलं की डोकं फुटतं? मी त्याला सांगितलं, रूमवर माझं डोकं कोण फोडणार? तिथं मला ओळखतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतला विलास टाके घालून घेऊन झोपला होता. मी खाली उतरलो, गाडीत बसलो. बोनेटमध्ये कुऱ्हाड तशीच होती. यंत्र लावलं. गाडी उभी होती ती जागा आली. वर्तमान स्थान सहेजें? हाँ. नाव विचारलं. एका बोटानं शोधून शोधून लिहिलं, र, त्याला दीर्घ ऊकार, म. घराच्या चित्राला हात लावला नाही.