श्वासाला सोबत

हिंगोलीच्या आमच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर एकच होता, आणि त्याच्याजवळ कायम वॉर्डातले मामा असायचे. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. नाव मीही कधी विचारलं नाही. रोग्याला मशीनवरून काढून स्वतःच्या श्वासावर ठेवून बघायचं असलं, की मामा स्टूल ओढून त्याचा हात धरून बसत. मग नकळत त्यांची छाती रोग्याच्या छातीबरोबर वरखाली होऊ लागे. मला ते जरा विचित्र वाटायचं.

एकदा मण्यार चावलेली एक तरुण बाई सहा दिवस मशीनवर होती. सातव्या दिवशी मी मशीन बाजूला केलं. तासभर मॉनिटरवरचे आकडे चांगले राहिले, म्हणून मी तिच्या घशातली नळी काढायला निघालो.

"नगा काढू, साहेब," मामा म्हणाले. "पोरगी थकून राहिली."

"आकडे तर बराबर आहेत, मामा."

"असतील. पण तिच्यासंग श्वास घेता घेता मलाबी दम लागून राहिला."

मी चिडलो, तरी थांबलो. दहा मिनिटांत ती घामानं भिजली आणि आकडे पडू लागले. नळी काढली असती, तर ती पुन्हा घालेपर्यंत तिचा जीव गेला असता. मी पुन्हा मशीन जोडलं.

दोन दिवसांनी नळी काढताना मी आधी मामांच्या छातीकडं बघितलं.

तिला घरी सोडलं त्या दिवशी तिचा नवरा पाया पडायला आला, तेव्हा मामा उठले नाहीत. ते पुढच्या रोग्याचा हात धरून बसले होते, आणि दोघांचा श्वास अजून जुळला नव्हता.