वेगळी ठेवलेली केळी

मैत्रिणींनो, दुपारपासून मन खातंय, म्हणून लिहिते.

ईस्टरला सरकारी दवाखान्यात फळं वाटायला आपलं कॅथलिक चर्च आणि पलीकडचं प्रोटेस्टंट चर्च वेगवेगळं जातं. यंदा त्यांच्या रूथबाई म्हणाल्या, "मिळून जाऊ." दोन्हींकडची केळी अर्धापूरहून माझ्या घरी आली.

त्यांची पिवळी होती, आपली कच्ची. मी त्यांची गॅलरीत ठेवली, आपली आतल्या खोलीत. वाटताना आपली कोणती ते कळावं, एवढाच क्षुद्र विचार.

आज पाहते तर त्यांची काळी पडलेली आणि आपली अजून हिरवीगार.

भाची म्हणाली, "मावशी, पिकलेल्या केळ्यातून वायू निघतो, त्यानं शेजारचं कच्चं पिकतं. एकत्र ठेवायची ना!"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं हे. तेव्हा सगळ्या चर्चच्या मुली एकाच बाकावर चिकटून बसायचो.

तेवढ्यात रूथबाई आल्या. हसत म्हणाल्या, "आमचीच बाहेर का ओ बाई? तुमची बाटली असती का?"

"हवा लागावी म्हणून," मी खोटं बोलले.

"लई काळजी घेतली की!"

काळ्यातली बरी केळी त्यांनी निवडली. दवाखान्यात ती अर्ध्या वॉर्डालाच पुरली. शेवटच्या खाटेवरच्या आजीनं हात पुढं केला, तेव्हा माझी पिशवी रिकामी होती.

रूथबाईंना खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. हा ग्रुपही फक्त आपल्याच चर्चचा आहे. त्यांना यात घेऊ या का? मग हे त्यांनाही वाचता येईल.