प्रल्हादच्या फ्रिजातलं आयरिस

पडदा वर जातो. शारजातल्या दोन खोल्यांच्या घराचं स्वयंपाकघर. डावीकडे गॅस, उजवीकडे दुकानात कोल्ड्रिंकचा असतो तसला काचेच्या दाराचा फ्रिज. आत बाटली एकही नाही. ट्यूबलाइटखाली एक कुंडी. तिच्यासमोर हाफपँटमधला पन्नाशीचा गृहस्थ थर्मामीटर झटकतोय. हा आमचा प्रल्हाद कर्णिक.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत तो पडदा ओढायचा. एका जागी उभं राहणं त्याला माहीत नव्हतं. माझं स्वगत चालू असताना त्याने दोनदा पडदा पाडला. दोन्ही वेळा मी माफ केलं, कारण विंगेतून माझं काम इतक्या जिवाने दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. नोकरी दुबईत, एसीच्या कारखान्यात. रस्त्यात जॅम लागेल म्हणून पहाटे पाचलाच गाडी काढायचा.

मुलगी तनया कॅनडाला शिकायला गेली आणि ९९ साली तिथेच राहते म्हणाली. प्रल्हादने हट्ट धरला: आधी तू इकडे ये, मगच आम्ही तिकडे येऊ. तिने पाकिटातून बिया पाठवल्या. तिच्या घरामागे गार समुद्राच्या खडकांत रानटी आयरिस उगवतं, जांभळ्या फुलाचं, त्याच्या बिया. सोबत चिठ्ठी: हे तुमच्याकडे फुललं की येते. पोरीने थट्टा केली असावी. प्रल्हादने शब्द समजून पकडून ठेवला.

या बियांना आधी हिवाळा दाखवावा लागतो. म्हणून तीन महिने श्रीखंडाच्या डब्यात, ओल्या वाळूत, घरच्या फ्रिजमध्ये. कुंदावहिनी पाहुण्यांना बजावायच्या, "तो डबा उघडू नका, त्यात आमची मुलगी आहे."

कोंब आले. मग त्यांना गारवा आणि उजेड दोन्ही मिळावं म्हणून तो काचेचा फ्रिज आला. दोन हजार दोनच्या मे महिन्यात कळी धरली आणि तनयाने खरोखरच तिकीट काढलं.

मध्येच वहिनींच्या भावाची पुण्याला वास्तुशांत. चार दिवसांचा प्रश्न, म्हणून प्रल्हाद कसाबसा निघाला. सुटीला निघताना इथल्या माणसांचे हात आपोआप चालतात: गॅस, नळ, मेन स्विच. मुंबईला उतरल्यावर त्याने विचारलं, "कुंदा, मेन स्विच मी बंद केला का?"

"वीस वर्षं करताय, केलाच असणार," वहिनी धीर द्यायला म्हणाल्या. मग दोघांनाही काचेचा फ्रिज आठवला. घराच्या दोन्ही चाव्या वहिनींच्या पर्समध्ये होत्या.

परतीची सीट तिसऱ्या दिवशी मिळाली. विमानतळावर घ्यायला गेलो होतो, तो मी त्यांच्याबरोबरच घरात शिरलो. काचेआड पाती शिजवलेल्या पालकासारखी पडली होती, कळीसकट. प्रल्हाद समोर उभा राहिला, अजिबात न हलता.

मग त्याने फोन लावला. त्याच्या जागी मी असतो तर छान खोटं बोललो असतो. तो म्हणाला, "तनया, तुझं फूल माझ्या हातून गेलं. तू तिकीट रद्द कर, आम्हीच येतो. स्वेटर किती जाड लागेल तेवढं सांग."