फलाटावरचे नान

१९६२च्या हिवाळ्यात दौंड स्टेशनच्या फलाटावर आप्पांनी माझ्या वडिलांची नान भरलेली पाटी लाथेनं उलटी केली. सीमेवर चीनशी लढाई चालू होती. जवानांची गाडी यायची होती. गावानं भाकऱ्या आणल्या होत्या, वडिलांनी नान.

"चिन्याच्या हातचं जवानांना द्यायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

"बाँब हाय का बघा आत," मागून कुणीतरी म्हणालं. फलाट हसला. हसणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या मुली होत्या.

वडील खाली बसले. आम्हा उइगुरांत नान पालथा पडू देत नाहीत. एकेक उचलून, कपाळाला लावून, सुलटा करून त्यांनी पाटीत रचला. मी मदत केली नाही. मला लाज वाटली, ती वडिलांची.

आमचं गाव यारकंद, लेहच्या उत्तरेला डोंगरांपलीकडे. तिथं चिनी फौज आली तेव्हा मी तान्ही होते. वडिलांनी मला पाठीशी बांधून खिंडी ओलांडल्या. आई वाटेत गेली. लेहहून कामाच्या शोधात ते दौंडला आले. हे सगळं आप्पांना ठाऊक होतं. वडील नान भाजत आणि आम्ही राहत होतो ती भट्टीची खोली त्यांचीच. रोज सकाळी आमच्याकडे चहात नान बुडवून खाताना त्यांनी ते कितीदा तरी ऐकलं होतं. कधी डोळेही पुसले होते.

संध्याकाळी आप्पा आले. लोकांसमोर बोलावं लागलं, म्हणाले. वडिलांनी उद्या चार माणसांत आपण काश्मिरी आहोत एवढं सांगावं. मग कुणी खोलीला हात लावणार नाही.

वडील भट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवायला सुरुवात केली.

"काश्मिरी न्हाई," मी म्हणाले. "आम्ही उइगुर हाय. चीननं आमचा मुलूख घेतला. तुम्हाला ठाव हाय, आप्पा. फलाटावर बी ठाव होतं."

"पोरीला आवर," आप्पा वडिलांना म्हणाले.

वडिलांनी मला आवरलं नाही. त्यांची मान थांबली होती.

सकाळी आप्पांनी खोलीला कुलूप लावलं. आम्ही शिरूरला गेलो. वडील तिथं बाजारात हमाली करू लागले.

तोवर ते माझ्याशी उइगुरमध्ये बोलत आणि मी मराठीत उत्तर देई. शिरूरला पोचलो त्या दिवसापासून मीही उइगुरमध्येच उत्तर देऊ लागले. शब्द अडला की त्यांना विचारी. वडील १९६९ साली वारले. त्या सात वर्षांत मी त्यांच्याशी मराठीत एक वाक्यही बोलले नाही.