गवत्या आणि पोकळ देठाचं तण

गवत्याला खऱ्या नावानं हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नसे. शाळेच्या मोठ्या मैदानाचा हा माळी. कामाला लागला तेव्हा तिथे नुसती धूळ उडायची. रक्ताचं पाणी करून यानं तिथे हिरवळ आणली. तिच्यावरून तो चपला काढून फिरायचा. एकदा खुद्द मुख्याध्यापक फोनवर बोलत बोलत ओल्या हिरवळीवरून आडवे निघाले, तर यानं लांबूनच आवाज टाकला, "ओ साहेब, कडेनं रस्ता केलाय तो काय शोभेला?" साहेब मुकाट्यानं मागे फिरले. बायको सगळ्यांना सांगायची, "लग्न माझ्याशी केलं, पण संसार गवताशी चाललाय." खोटं नव्हतं काही त्यात.

आणि अशा माणसाच्या हिरवळीत ते तण उगवलं!

पहिल्यांदा दिसलं गोलच्या खांबापाशी. समोरासमोर दोन-दोन लांबट पानं, जमिनीवरून सरपटणारा देठ आणि वर पांढरं, कागदासारखं कोरडं फूल. लव्हाळा त्याच्या ओळखीचा, आंबुशी ओळखीची, घोळ ओळखीची. हे कोण आगंतुक? त्यानं धरून उपटलं, तर वरचं हातात आलं आणि खालचं तुटून जमिनीतच राहिलं. मग स्वारी चिडली. "थांब, बघतोच तुझ्याकडे," म्हणत त्यानं गवत कापायच्या यंत्राचं पातं पार खाली केलं आणि सगळं सपाट करून टाकलं.

थोड्याच दिवसांत ते मधल्या वर्तुळापर्यंत पोचलं. गवत्याचे डोळेच पांढरे झाले. त्यानं आणखी कापलं, ते आणखी पसरलं. जिथे यंत्र जाई तिथे मागोमाग हे हजर. माणसाचं जेवणखाण उडालं. शेवटी मुख्याध्यापकांनी शेती खात्यातल्या बाईंना बोलावून घेतलं.

बाई आल्या त्या सरळ गुडघ्यांवर बसल्या. बोटांनी माती उकरून त्यांनी एक देठ अलगद सोडवला आणि मोडून दाखवला. आतून पोकळ.

"यंत्र फिरवत होतात ना यावर?"

"मग काय कुरवाळत बसू?"

"अहो, याच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. एवढासा तुकडा पडला तरी नवं रोप. तुम्ही कापलं नाहीत, पेरलंत."

गवत्या मटकन खालीच बसला. इतकी वर्षं ज्या हातांनी हिरवळ वाढवली, त्याच हातांनी तिच्यात हे पेरलं?

बाईंनी मग नीट समजावलं. यंत्र बंद ठेवायचं, पातं आहे तिथेच धुवायचं. दिसेल तिथे खोल खणून मुळासकट काढायचं. एकही काडी खतात टाकायची नाही. सगळं काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात कुजू द्यायचं. पुन्हा फुटलं की पुन्हा खणायचं.

"आणि हे आलं कुठून ते शोधा," बाई उठता उठता म्हणाल्या. "येणं थांबलं नाही, तर मला सगळं मैदान खणून काढायला सांगावं लागेल."

"सगळं? माझं मैदान?"

"सगळं."

दुपारी दोघं पायऱ्यांवर टेकली. पोटात भूक कसली, पण पाहुण्या माणसाला विचारायला नको? गवत्यानं डबा उघडून पुढे केला. बाई नको म्हणाल्या, तेव्हा त्यानं स्वतःच एक घास तोंडात टाकला. आईच्या हातची पालेभाजी. आई गेल्या वर्षी आपलं घर मोडून त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा ओल्या फडक्यात या भाजीच्या चार काड्या घेऊन आली होती. मागच्या अंगणातल्या टबात लावल्या होत्या तिनं.

दाताखाली एक जाड देठ आला. कचकन चेपला. पोकळ!

घास तोंडातच राहिला. त्यानं डब्यातला दुसरा देठ बोटानं वर काढला. पेरं तशीच. आणि घरचे भाजीचे देठ, साली बादलीत भरून रोज शाळेच्या खतखड्ड्यात आणणारा दुसरा कोण होता? हाच! तेच खत यानं गोलच्या खांबापाशी मुठीमुठीनं पसरलं होतं, वर शाबासकीही घेतली होती.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण मैदान गेलं असतं. त्यानं डबा बाईंपुढे धरला. "बाई, सापडलं. माझ्याच घरातून आलंय."

बाई डब्याकडे बघतच राहिल्या. "खायच्या भाजीसारखंच दिसतं हे," त्या हळूच म्हणाल्या. "भलेभले फसतात. पण आजच्या आज काढा."

घरी आई टबापाशी बसून पानं खुडत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"माझी भाजी? तण?" तिच्या हातातली पानं खाली पडली. "शुद्धीवर आहेस ना तू?"

मैदानातला मोडलेला देठ त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, पण मी तर सगळ्यांना दिलीय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्या गल्लीला. शिंपीणबाईला, समोरच्या नर्सला, वरच्या मजल्यावर..." तिनं देठ खाली ठेवला. "मला इथे कुणी ओळखत होतं का रे? सून कामावर, तू गवतात. दोन काड्या घेऊन दार वाजवलं, तर लोक आत ये म्हणाले."

गवत्यानं डोक्याला हात लावला. आईला रडू आलं आणि ती रडलीही. मग तोंड धुऊन तिनं काळ्या पिशव्यांचा गठ्ठा उचलला.

"मी बोलतो सगळ्यांशी," तो म्हणाला.

"काही नको. तुला गवताशी बोलता येतं, माणसांशी नाही. मी दिली, मीच मागेन."

पहिलं दार शिंपीणबाईचं. ती मापाची फीत गळ्यात अडकवूनच बाहेर आली. "या आजी! बघा, तुमची भाजी कशी फोफावलीय! कुंडीच फुटायला आलीय."

"ती परत न्यायला आलेय गं."

शिंपीणबाईचं हसू मावळलं. "दिलेलं परत? माझं काही चुकलं का आजी?"

"तुझं नाही. माझं चुकलं." आणि आईनं दारातच सगळं सांगून टाकलं, खोकत, अडखळत, मुलाच्या मैदानापर्यंत. आयुष्यात कुणाकडे दिलेलं परत मागितलं नव्हतं तिनं. गवत्याला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

शिंपीणबाईनं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! अहो, मी अर्धी माझ्या बहिणीला दिली. ती कालव्याकाठी राहते. तिनं काठावरच लावलीय."

गवत्याला डोळ्यांपुढे कालव्याचं वाहतं पाणी दिसलं, पाण्यातून जाणारा तुकडा न् तुकडा दिसला.

आईनं पिशवी काखेत मारली. "बहिणीचं घर दाखव," ती म्हणाली. "आधी तिथे जाऊ."