दाऊदभाईंचा राग

दाऊदभाईंनी माझ्या हातातला हूक घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि समोरच्या गटारात फेकून दिला. ही आमची पहिली भेट.

मी संतापले. तो हूक मी ऑनलाइन मागवला होता. तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला आणि लग्नाच्या वरातींना माझ्याकडे दोन घोडे होते, सर्जा आणि चंद्रा घोडी. त्यांना लांबच्या वरातींना न्यायला कोल्हापूरहून जुनी ट्रॉली आणली होती. आता ती जीपला जोडायची, म्हणजे जीपच्या मागे हूक हवा. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं होतं: कसालच्या रस्त्यावरचे दाऊदभाई. त्यांचे वाडवडील गलबतांचं लोखंडकाम करायचे. हे मच्छीमारांच्या होड्या ओढायच्या गाड्या बनवायचे.

"ह्यां बंपराक लावतलंस?" ते ओरडले. "बंपर पत्र्याचो गो बाय! ओढ चासीवर, गाडीच्या सांगाड्यार येवक व्हयी. रिकामी ट्रॉली किती वजनाची? घोडे किती वजनाचे? हुकावर भार किती पडता?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाय, तर हूक घेवन कशाक इलंस? आधी काट्यार जा!"

चिरेखाणीच्या वजनकाट्यावर मी घोड्यांसकट ट्रॉली नेली. सर्जा काट्यावर चढायलाच तयार नव्हता. चिठ्ठी घेऊन परत गेले, तेव्हा दाऊदभाईंनी जीपचं पुस्तक मागितलं, चष्मा लावून त्यातला एक आकडा शोधला आणि चिठ्ठीशेजारी धरला. "एकच घोडो न्हेवचो. दोन न्हेलंस तर हूक तुटाचो नाय, जीपच तुका आयकाची नाय. उतारार ट्रॉली जीपेक ढकलतली."

"वरातीला जोडी लागते, दाऊदभाई."

"मगे मोठी गाडी घे. नायतर माझ्या दारात येव नको."

मी गेलेच नाही. हायवेवर एक चकचकीत दुकान होतं. तिथल्या मालकाने खुर्ची दिली, थंड सरबत दिलं. "दोन घोडे? मॅडम, हत्ती न्या!" असं म्हणत तासाभरात बंपरच्या पट्टीला हूक बसवून दिला. सुटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी लावली का, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला हवं तेच तो बोलत होता आणि मी ते ऐकून घेतलं.

खारेपाटणच्या वरातीला निघाले, दोन्ही घोडे घेऊन. तळेऱ्याच्या पुढे चढावर मागे कडकन आवाज झाला आणि जीप एकदम हलकी झाली. आरशात पाहिलं तर बंपर घेऊन ट्रॉली मागे चालली होती. ती गटारात कलंडली. चंद्रा खरचटून बाहेर आली. सर्जाचा पुढचा पाय मोडला होता. डॉक्टर आले, त्यांनी पाय पाहिला आणि माझ्याकडे न बघता शेवटचं इंजेक्शन भरलं. मी सर्जाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

लोक म्हणाले, नशीब, माणसाला काही झालं नाही. लोक म्हणाले, जनावर ते जनावर. दुकानाचा मालक म्हणाला, "घोडा आत नाचला असणार."

दाऊदभाईंना कळलं तेव्हा ते स्वतः माझ्या घरी आले. समजूत घातली नाही, आत बसले नाहीत. अंगणात पडलेला तो फाटका बंपर उचलला आणि म्हणाले, "चल."

आम्ही ओरोसला गेलो, जिल्ह्याच्या कचेरीत, त्या दुकानाविरुद्ध तक्रार द्यायला. तिथे दाऊदभाई एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागले. "साहेब, हे छिद्र पाहावे. बोल्ट चासीत गेलेलाच नाही. याला काम म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. उद्या या ट्रॉलीखाली शाळेची रिक्षा येईल."

साहेबांनी बंपरकडे पाहिलं नाही. "घोड्याची नोंद आहे का? अर्ज द्या, पाहू."

दाऊदभाईंनी बंपर त्यांच्या टेबलावर, फायलींवरच ठेवला. "हा इथेच राहू दे. पाहायला सोपा जाईल." शिपाई धावत आला. साहेब ओरडले. दाऊदभाईंनी हाताची घडी घातली आणि अर्जावर शिक्का पडेपर्यंत हलले नाहीत. आम्ही तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी कळलं, अर्ज दुसऱ्या कचेरीकडे गेला. दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. आजही चालू आहे, मोठी पाटी लावून.

पुढे दाऊदभाईंनीच चंद्रासाठी हूक बनवला. जीपखाली उताणे पडून चासीला दोन्ही बाजूंनी पकड दिली, साखळ्या लावल्या, चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली जोडून मला घाटात चढायला-उतरायला लावलं. शेजारी बसले होते, पण नजर सतत आरशातल्या ट्रॉलीवर. मला ते सहन होईना.

"दाऊदभाई, माझ्यावर अजून राग आहे?"

"आसा."

"मला काय कळत होतं तेव्हा?"

"तुका सगळा सांगितलेलंय. तेणा तुका फसवल्यान, तेचो राग वेगळो. तू कान बंद केलंस, तेचो राग वेगळो. सर्जाक कोण इचारूक गेल्लो?"

त्या दिवशी मला त्यांचाही राग आला. एवढं सगळं केलं माझ्यासाठी, मग "जाऊ दे गो बाय" एवढं म्हणायला काय जात होतं? मी रडत गाडी चालवली. त्यांनी रडू दिलं. उतरताना फक्त म्हणाले, "उतारार गियर खाली ठेव."

दीड महिन्याने ते गेले, त्यांच्या वर्कशॉपमध्येच, छातीत कळ येऊन. मातीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. बायकांमध्ये मागे उभी होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. बाकी सगळ्यांनी मला केव्हाच माफ करून टाकलं होतं, कारण त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. सर्जा मेला आणि त्याला कोणीतरी जबाबदार आहे, असं मानणारा एकच माणूस होता. आता ते मानायला मी एकटीच उरले आहे.